पगार थकला, आता शेअर्सचा कागद आलाय, सही करू का?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारे भाऊ पन्नाशीला टेकलेले, मूळ पाचोरा तालुक्यातले. मुंबईत एका विमान कंपनीत १९ वर्षं टेक्निशियन होते, शेवटी शेवटी पदाच्या नावात सुपरवायझर जोडलं गेलं. कंपनी दिवाळखोरीत गेली, चार महिन्यांचा पगार अडकला, पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा पत्ता नाही. आता जळगावात एसी-फ्रिज दुरुस्तीचं काम करतात. कंपनी घ्यायला एक पार्टी पुढे आलीय आणि तिच्या प्लॅनमधे कामगारांना थोडी रोकड, बाकी नव्या कंपनीचे शेअर्स असं आहे. त्यांची युनियन म्हणते लगेच सही करा. दुसरी युनियन म्हणते सही करेल तो गद्दार, माणशी ५,००० काढा, आपण लेबर कोर्टात केस टाकू. त्यात चाळीसगावचा जवळचा मित्र कंपनी बंद पडायच्या आधी पाच महिने राजीनामा देऊन निघाला होता, त्याचं नाव शेअर्सच्या यादीत नाही, आणि यादी करणाऱ्या कमिटीत हे भाऊ स्वतः आहेत. मित्र म्हणाला, "माझा घास तू खाल्ला भो," आणि बोलणं बंद. सासरे अमळनेरचे, ते म्हणतात शेअर सोडू नका, विप्रोवाल्यांचं काय झालं बघा. अमेरिकेतल्या एका एअरलाईनच्या कामगारांना दिवाळखोरीनंतर शेअर्स मिळाले आणि ते मालामाल झाले असा एक मेसेजही फिरतोय. भाऊ विचारतात, सही करू का, आणि मित्राला काय तोंड दाखवू?

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं की प्रश्न पैशाचा आहे, दुसऱ्यांदा जाणवलं की तुम्ही तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्यात म्हणून ते उचलवत नाहीये. थकलेला पगार ही एक गोष्ट, शेअर्स ही दुसरी आणि मित्र तिसरी. त्या सोडवून बघू.

आधी सासऱ्यांचं. त्यांचा अनुभव खोटा नाही, अमळनेरमधे विप्रोच्या शेअर्सनी किती घरं वर आली हे आपल्या खान्देशात शाळकरी पोराला पण माहीत आहे. पण बघा ना, विप्रो १९४५ ला अमळनेरात वनस्पती तेलाची कंपनी म्हणून सुरू झाली, चालू राहिली, वाढली, धंदा बदलला, आणि ज्यांनी शेअर्स घेतले त्यांनी ते चालत्या कंपनीचे घेतले, स्वतःच्या पैशाने, आणि कोणाचा पगार थकलाय म्हणून बदल्यात नाही घेतले. तुमच्यासमोर जो कागद आहे त्यात कंपनी जमिनीवर उभी आहे, विमानं नाहीत, आणि तुमचं जे येणं आहे त्याच्या बदल्यात शेअर घ्या म्हणतायत. येणं म्हणजे कंपनीने तुम्हाला देणं लागतं ती रक्कम, आणि शेअर म्हणजे तुम्ही कंपनीचे छोटेसे मालक. कंपनी बुडाली की कायद्याने पैसे वाटायची रांग ठरलेली असते आणि मालक त्या रांगेत सगळ्यात शेवटी उभा असतो.

ही रांग नीट समजून घ्या, कारण तुमची अर्धी काळजी इथेच आहे. आपल्याकडे २०१६ चा दिवाळखोरी कायदा आहे, त्याचं कलम ५३ म्हणतं की कंपनी लिक्विडेशनला, म्हणजे मोडीत काढून विकायला गेली तर आधी त्या प्रक्रियेचा खर्च, मग वर्कमनची (कायद्याच्या भाषेत कामगार, साहेब-मॅनेजर नव्हे) मागच्या २४ महिन्यांची थकबाकी आणि ज्या बँकांनी आपलं तारण सोडून दिलंय त्यांचं कर्ज, हे दोघं एका पायरीवर. त्याखाली वर्कमन नसलेल्या कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा पगार, मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकारी देणी वगैरे, आणि सगळ्यात तळाला साधे शेअरहोल्डर. म्हणजे आज तुम्ही रांगेत बऱ्यापैकी पुढे उभे आहात आणि तो कागद तुम्हाला म्हणतोय मागे जाऊन उभे राहा, तिकडे कदाचित जास्त मिळेल. कदाचित मिळेलही. पण जागा सोडतोय हे माहीत असून सोडायची की माहीत नसताना, यात फरक आहे.

इथेच एक महत्त्वाचं, तुमच्या पदाच्या नावाचं. तुम्ही लिहिलंय की शेवटची काही वर्षं सॅलरी स्लिपवर सुपरवायझर होतं पण काम तेच, हातात पाना घेऊन चाकाखाली. वर्कमन की नाही हे कोर्ट हुद्द्याच्या नावावरून ठरवत नाही, प्रत्यक्ष काम काय करत होता ते बघतं. तुमचं नाव कुठल्या खात्यात टाकलंय ते आजच विचारा, कारण २४ महिने आणि १२ महिने यात फरक आहे आणि पायरी पण वेगळी. ड्युटी रोस्टर, जॉब कार्ड, तुमच्या सहीची कामाची शीट, जे काही घरात असेल ते शोधून काढा.

आता अमेरिकेचा मेसेज. तो अर्धा खरा आहे आणि अर्धं खरं जास्त त्रास देतं. अमेरिकन एअरलाईन्सची मूळ कंपनी नोव्हेंबर २०११ मधे दिवाळखोरीत गेली आणि डिसेंबर २०१३ मधे यूएस एअरवेजशी जोडली जाऊन बाहेर आली. कामगार युनियनना त्यात खरंच शेअर्स मिळाले, जुन्या कंपनीच्या देणेकऱ्यांना जो हिस्सा जाणार होता त्यातले १३.५ टक्के एकट्या वैमानिकांच्या युनियनला, बाकीच्या युनियनना त्याहून कमी. पण त्यांची विमानं एक दिवस थांबली नव्हती. तिथल्या कायद्यात कंपनी चालू ठेवून कर्जाची फेररचना करता येते, तेच त्यांनी केलं, आणि ती कंपनी इतकी सावरली की जुन्या शेअरहोल्डरना पण काही मिळालं जे दिवाळखोरीत क्वचितच होतं. आणि ते शेअर्स कोणी फुकट वाटले नव्हते, त्याबदल्यात कामगारांनी पगार, सुट्ट्या, पेन्शन आणि कामाचे नियम यात बरंच सोडलं होतं.

दुसरं उदाहरण त्या मेसेजमधे कोणी टाकत नाही. तिथल्याच युनायटेड एअरलाईन्समधे १९९४ ला वैमानिक, मेकॅनिक आणि इतर कर्मचाऱ्यांनी पगारकपात स्वीकारून कंपनीचे ५५ टक्के घेतले, केबिन क्रूची युनियन त्यात उतरलीच नाही. त्यावेळी तो फार मोठा प्रयोग मानला गेला, कामगार मालक झाले म्हणून. डिसेंबर २००२ मधे कंपनी दिवाळखोरीत गेली, २००६ च्या फेब्रुवारीत बाहेर आली तेव्हा जुने शेअर्स रद्द झालेले होते, आणि मधल्या काळात २००५ ला पेन्शन पण सरकारी विमा संस्थेच्या गळ्यात गेली, त्यात बऱ्याच जणांची पेन्शन कमी झाली. पगार कापून घेतलेले शेअर गेले आणि म्हातारपणाचं पण कमी झालं. म्हणून म्हणते, ज्या घरात पगार, पीएफ आणि बचत सगळं एकाच कंपनीवर टांगलेलं आहे त्या घराने थकबाकीसुद्धा त्याच कंपनीच्या शेअरमधे घालू नये, पर्याय असेल तर. तुमचा पगार आता दुरुस्तीच्या कामातून येतो हे बरंय, पण तरीही.

आणि आपल्याकडचं, जे सगळ्यात जवळचं आहे. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, जूनमधे प्रकरण एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीची प्रकरणं चालवणाऱ्या न्यायाधिकरणात गेलं, २०२१ च्या जूनमधे खरेदीदाराचा प्लॅन मंजूर झाला. त्या प्लॅनमधे कर्मचाऱ्यांना थोडी रक्कम, जेटमधला अर्धा टक्का हिस्सा आणि ग्राउंड सर्व्हिसच्या उपकंपनीतला मोठा हिस्सा असं देऊ केलं होतं. लोक वाट बघत राहिले, विमान काही उडालं नाही, आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने कंपनी लिक्विडेशनमधे काढायचा आदेश दिला. कागदावरच्या त्या हिश्शाचं काय झालं असेल हे मी वेगळं लिहायला नको. पण याच प्रकरणात कामगारांच्या बाजूने एक फार मोठी गोष्ट झाली, ऑक्टोबर २०२२ मधे अपील न्यायाधिकरणाने सांगितलं की पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्यावी लागेल, आणि जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं. यामागचा नियम साधा आहे, कलम ३६ प्रमाणे पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटीचा पैसा कंपनीच्या मालमत्तेत मोजलाच जात नाही, तो रांगेच्या बाहेर आहे.

हे वाचून आता तुम्ही पाठवलेल्या त्या फॉर्मच्या फोटोकडे या. पहिल्या पानावर शेअर्सची संख्या ठळक अक्षरात, किंमत म्हणून साधारण दीड लाख. दुसऱ्या पानावर खाली, बारीक अक्षरात, जिथे तुमच्या अंगठ्याची सावली पडलीय तिथे एक ओळ आहे, की वेतन, भविष्य निर्वाह निधी, उपदान व इतर सर्व मागण्या या स्वीकृतीने पूर्णतः व अंतिमतः निकाली निघाल्या असे मी मान्य करतो. उपदान म्हणजे तुमची ग्रॅच्युइटी. तुमचा शेवटचा बेसिक आणि डीए मिळून २६,००० होता म्हणता, तर नोकरीच्या दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून, १५ भागिले २६ गुणिले २६,००० म्हणजे वर्षाला १५,०००, गुणिले १९, म्हणजे २,८५,०००. ही रक्कम रांगेच्या बाहेरची, जी द्यायलाच हवी असं कोर्टाने म्हटलंय, ती एका ओळीत सोडून तुम्ही दीड लाखाचे शेअर्स घेणार, आणि ते दीड लाख कोणी ठरवले तर खरेदीदाराने, बाजाराने नाही, कारण त्या शेअरचा बाजारच अजून नाहीये. म्हणून माझं स्पष्ट मत, ही ओळ आहे तोवर या फॉर्मवर सही करू नका. यात मला अजिबात शंका नाही.

पण लगेच दुसऱ्या युनियनकडे पण पळू नका. त्यांचा ५,००० चा प्लॅन मला पटत नाही, आणि ते लोक वाईट आहेत म्हणून नाही, तर कायद्याच्या साध्या कारणाने. दिवाळखोरीची प्रक्रिया चालू असताना कलम १४ चं मोरेटोरियम असतं, त्या काळात कंपनीविरुद्ध नवीन दावे लावता येत नाहीत आणि जुने पण थांबतात. मग लेबर कोर्टात कुठली केस? त्यांना नीट विचारा की अर्ज कुठे करणार, एनसीएलटीत की आणखी कुठे, कुठल्या कलमाखाली, वकील कोण, पावती मिळेल का. एनसीएलटीत प्लॅनवर हरकत घेणारा अर्ज असेल तर त्यात अर्थ आहे, आणि युनियनला सभासदांच्या वतीने दिवाळखोरीच्या प्रक्रियेत उभं राहता येतं हे २०१९ मधे ज्यूट मिलच्या एका केसमधे सुप्रीम कोर्टाने मान्य केलंय. असं उत्तर आलं तर वर्गणी द्यायला हरकत नाही. नुसतं "आपण बघून घेऊ" असं आलं तर पैसे खिशात ठेवा.

एक गोष्ट कोणतीच युनियन सांगत नाहीये असं दिसतं. प्लॅनवर मत बँका आणि कर्ज देणाऱ्यांची कमिटी देते, कामगारांना त्यात मत नसतं. आणि एनसीएलटीने प्लॅन मंजूर केला की तो सगळ्यांना लागू, सही केली त्यालाही आणि नाही केली त्यालाही. म्हणजे तुमच्या सहीने प्लॅन वाचत नाही आणि तुमच्या नकाराने मरत नाही. मग सही मागतायत कशाला? बहुतेक त्या दुसऱ्या पानावरच्या ओळीसाठी. खरेदीदाराला नंतरचे दावे नको असतात, त्याच्या जागी तो बरोबर आहे, पण तुमच्या जागी तुम्ही. आणि सही न करणाऱ्याला काहीच मिळणार नाही हे जे ग्रुपवर फिरतंय ते बरोबर नाही, लिक्विडेशनमधे जेवढं मिळालं असतं निदान तेवढं प्लॅनमधे द्यावंच लागतं असं कलम ३० मधे आहे. आता हे निदान किती निघेल हे कंपनीकडे काय उरलंय त्यावर आहे, विमानं भाड्याची असतील तर फारसं नसतं, हे पण डोक्यात असू द्या. म्हणून युनियनच्या मीटिंगमधे मागणी अशी ठेवा की ती ओळ बदला, पीएफ आणि ग्रॅच्युइटी वगळून असं स्पष्ट लिहा, आणि शेअर्स ऐवजी रोकड घ्यायचा पर्याय द्या, कमी मिळाली तरी चालेल. शेअर्स घ्यावेच लागले तर ते तुमच्या डीमॅटला येणार की ट्रस्टच्या नावावर राहणार, किती वर्षं विकता येणार नाहीत, आणि ट्रस्टवर कोण बसणार, हे लेखी घ्या. ट्रस्टवर कोण बसणार यावरूनच पुढची भांडणं होतात.

तुमचा स्वतःचा क्लेम मात्र कोणावर सोडू नका. कर्मचाऱ्यासाठी फॉर्म डी असतो, तो रिझोल्यूशन प्रोफेशनलला, म्हणजे दिवाळखोरीत कंपनीचा कारभार बघायला नेमलेल्या माणसाला, ईमेलनेही जातो, सोबत ऑफर लेटर, शेवटच्या स्लिपा, बँक स्टेटमेंटची ती पानं जिथे पगार यायचा थांबला, आणि यूएएनचं, म्हणजे पीएफच्या नंबरचं पासबुक. युनियनने एकत्र फॉर्म भरला असेल तरी त्यात तुमचं नाव आणि रक्कम काय लिहिलीय ते बघा, तुम्हीच कमिटीत आहात, तुम्हाला यादी दिसते, बाकीच्यांना दिसत नाही. ज्यांना दिसत नाही त्यांना ती दाखवायला लावा.

आता तुमचा मित्र. तुम्ही लिहिलंय की युनियनने ठरवलं, मी फक्त कमिटीत होतो. भाऊ, यावर जरा थांबू या. तुम्ही गुन्हा केलाय असं मला वाटत नाही, पण "फक्त कमिटीत" हे पण पुरेसं नाही. मर्यादित शेअर्स असतील तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि रेघ ओढली की कोणीतरी बाहेर राहतं. अमेरिकनच्या त्याच प्रकरणात ग्राउंड आणि मेंटेनन्सवाल्यांच्या युनियनने लवकर कंपनी सोडायची स्कीम घेतलेल्यांना शेअर्सच्या वाटपातून वगळलं, ते लोक कोर्टात गेले, आणि २०१७ मधे अपील कोर्टाने युनियनच्या बाजूने निकाल दिला. तिथली कसोटी मला उपयोगी वाटते, युनियनचा निर्णय सगळ्यांना आवडला पाहिजे असं नाही, पण तो मनमानी, भेदभावाचा किंवा खोट्या मनाने घेतलेला नसावा. आपल्याकडे अगदी तसाच नियम नसला तरी तुम्ही स्वतःला हेच विचारू शकता. रेघेची तारीख कशावरून ठरली? कंपनी बंद पडली त्या दिवसावरून, की पगार थकायला लागला त्या महिन्यावरून? पगार थकल्यामुळे पोट भागेना म्हणून ज्याने राजीनामा दिला आणि ज्याला बाहेर चांगली नोकरी मिळाली म्हणून जो गेला, दोघांना एकच माप लावलं का? कमिटीतल्या कोणाच्या नातेवाईकासाठी तारीख पुढेमागे सरकली का? यातल्या एकाचंही उत्तर अवघड असेल तर मुद्दा कमिटीत पुन्हा उघडा, मित्र बोलत नसला तरी.

तुमच्या मित्राची पण एक चुकीची समजूत आहे, आणि ती तुम्हीच दूर करू शकता. त्याला वाटतंय की यादीतून नाव गेलं म्हणजे सगळं गेलं. तसं नाही. शेअर्सची यादी युनियन आणि खरेदीदार यांच्यातली, पण त्याचा पीएफ, पाच वर्षांवर नोकरी झाली असल्याने ग्रॅच्युइटी, आणि राजीनाम्याच्या दिवसापर्यंतचा काही पगार थकला असेल तर तो, हे सगळं त्याचं येणं आहे, त्याला कोणत्याच कमिटीची परवानगी लागत नाही. तो स्वतः फॉर्म डी भरू शकतो. मुदत उलटली असेल तर उशिराचं कारण लिहून द्यायचा, मंजूर होईलच असं मी म्हणणार नाही, पण भरलाच नाही तर काहीच नाही. तुम्ही चाळीसगावला जाल तेव्हा समजूत काढायला जाऊ नका, माफी आणि खुलासे नंतर होतील, फॉर्म घेऊन जा आणि त्याच्या रिलिव्हिंग लेटरवरची तारीख बघून रकमा भरायला बसा. आणि त्याने विचारलं की यादीत मी का नाही, तर खरं सांगा की कमिटीत कोणी काय म्हटलं आणि तुम्ही काय म्हटलं. तुम्ही गप्प बसला असाल तर ते पण सांगा. तो लगेच बोलायला लागेल असं नाही. पैशावरून तुटलेलं माणूस पैसे मिळाल्यावर परत येतं असंही नाही, मी खूप घरांत बघितलंय. पण त्याचं जे येणं आहे ते त्याला मिळायला हवं, मैत्री राहो न राहो.

शेअर बाजारातून तुम्ही त्याच कंपनीचे जे थोडे शेअर्स आधी घेतले होते ते सासऱ्यांच्या म्हणण्यावरून धरून ठेवलेत असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. अशा प्लॅनमधे जुने शेअर्स बहुतेक वेळा रद्द होतात किंवा नावापुरते उरतात. सासऱ्यांशी वाद घालू नका, पण हिशोबात ते शून्य धरा आणि नवीन घेऊ नका, भाव दहा रुपये झाला म्हणून स्वस्त झाला असं होत नसतं.

बाकीच्या वाचकांसाठी एक, कारण हे पत्र आलं त्याच आठवड्यात धुळे आणि नंदुरबारकडून पण अशीच दोन पत्रं आहेत, एक बंद साखर कारखान्यातलं आणि एक सूतगिरणीतलं. तुमची संस्था सहकारी असेल तर वर लिहिलेला दिवाळखोरी कायदा तिला लागू होत नाही, फॉर्म डी वगैरे तिथे नाही. तिथे सहकार कायद्याखाली अवसायक, म्हणजे संस्था मोडीत काढून देणी वाटणारा अधिकारी, नेमला जातो, आणि तुमचा दावा त्याच्याकडे लेखी द्यायचा, पोच घेऊन. पीएफसाठी मात्र सगळ्यांना रस्ता एकच, आधी यूएएनच्या पासबुकात कंपनीने खरंच किती महिने पैसे भरलेत ते बघा. पगारातून कापले आणि भरलेच नाहीत असं निघालं तर पीएफ ऑफिसला महिन्यांच्या नावासकट तक्रार द्या, सोबत कपात दाखवणारी स्लिप. ज्यांचे वडील किंवा नवरा नोकरीत असताना गेले त्यांनीही हे करावं, वारसांना दावा लावता येतो, आणि अशा घरांत त्या जुन्या स्लिपा बहुतेक ट्रंकेत नाहीतर गॅसच्या पुस्तकासोबत सापडतात, रद्दीत देऊ नका.

भाऊ, मीटिंग येत्या रविवारी आहे म्हणता. त्याआधी त्या दुसऱ्या पानाची झेरॉक्स काढून ती ओळ पेनाने अधोरेखित करा आणि दोन्ही युनियनच्या लोकांना द्या, आपल्या आणि समोरच्या. ग्रॅच्युइटी दोघांचीही आहे. आणि मीटिंगमधे काय झालं ते मला कळवा, कमिटीने तारखेचं काय केलं ते पण.